आबांचा कासरा, माझी सुपारी

सात म्हातारे एका पायावर उभे होते आणि नेमके त्याच वेळी हेडमास्तर शाळेच्या फाटकातून आत आले.

मला बोलता येईना. तोंडात अख्खी सुपारी होती. हेडमास्तरांनी आधी म्हाताऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग उगाच आभाळाकडे. रांगेतल्या रहीमचाचांच्या टोपीवर कावळा येऊन बसला होता. चाचा त्याला हुसकत नव्हते, कारण हात झटकला तर आपला नंबर जाईल असं त्यांना वाटत होतं.

"मास्तर, हे काय आहे?"

मी सुपारी गालात सरकवली. "व्यायाम, साहेब."

"पण हे हलत कुठे आहेत?"

"हलताहेत साहेब. सावकाश."

हेडमास्तरांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि चाचांसमोर उभे राहिले. मिनिटभर पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "हे गृहस्थ जिवंत आहेत ना?"

"हाव साब," चाचा ओठ न हलवता म्हणाले. कावळा उडाला. हेडमास्तरही दोन पावलं मागे उडाले.

दुपारी नोटीस बोर्डावर मेमो लागला. मेमो म्हणजे वरच्यानं खालच्याला चिडून, पण सभ्य भाषेत लिहिलेली चिठ्ठी. त्यात होतं, 'शाळेच्या मैदानात कोणीही विनापरवानगी एका पायावर उभे राहू नये.' असा मेमो अख्ख्या इलाख्यात दुसरा निघाला नसेल. तो माझ्यामुळे निघाला याचा मला आजही थोडा अभिमान आहे.

आता हे प्रकरण सुरू कसं झालं ते सांगतो.

मी धरणगावच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. इंग्रजांचं राज्य होतं आणि पलटणीतून सुटून आलेल्या माणसाला शाळेत ही नोकरी मिळे. मुलांना रांगेत उभं करायचं, सगळ्यांचे पाय एकदम आपटायला लावायचे आणि ओरडायचं, एवढंच काम. त्यातलं ओरडणं मला फार छान जमे. माझं 'अटेन्शन' स्टेशनापर्यंत ऐकू जातं असं लोक म्हणत. त्यात अतिशयोक्ती नव्हती, एकदा खरोखरच एक हमाल तिथे ताठ उभा राहिला होता.

शाळेच्या मागच्या वस्तीत दौलत आबा राहत. कपाशीचे शेतकरी. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण अंगकाठी अशी की पाठीमागून पाहिलं तर पन्नाशीचे वाटावेत. त्या वर्षी उन्हाळा संपता संपता ते दोनदा पडले. एकदा गोठ्यात, आणि एकदा आमच्या फाटकासमोर. मी उचलायला धावलो तर माझा हात झटकून म्हणाले, "मी पडनू नही, मास्तर. जमीन सरकनी."

पण त्यांच्या मुलाला, राजारामला, हे शास्त्र पटेना. राजाराम पंचेचाळिशीचा, अंगानं भरलेला, स्वभावानं धांदरट आणि काळजीनं कायम अर्धा झालेला. बापावर त्याचा जीव होता, त्याबद्दल शंका नको. पण जीव असला की माणूस काय काय करतो! त्यानं आबांच्या दिमतीला एक गडी लावला. आबा शेतात निघाले की गडी दंड धरायचा, विहिरीवर निघाले की दंड धरायचा. आबा सकाळी तांब्या घेऊन निघाले तरी हा बाबा दंड धरूनच. ज्या माणसानं जन्मभर बैल वळवले, त्यालाच आता कुणीतरी वळवत होतं.

आणि मग राजारामनं जाहीर केलं, "यंदा पोळ्याले कासरा मी धरसू."

इथे थोडं थांबून समजावून सांगायला हवं. कासरा म्हणजे बैलाचा दोर. त्या वस्तीच्या पोळ्यात पहिली जोडी आबांच्या घरची, मानाची. मानकऱ्यानं अनवाणी, काठी न घेता, कासरा हातात धरून जोडी चालवत वेशीच्या तोरणाखालून न्यायची. धावायचं नाही. ती जोडी पार झाली की तोरण तुटायचं आणि बाकीचे बैल उधळत सुटायचे. यालाच पोळा फुटणं म्हणतात. आणि वस्तीचा नियम असा, की कासरा धरणारा तोरणाच्या अलीकडे पडला तर मान शेजारच्या घराला जाणार, तोही कायमचा. आबांच्या आजोबांपासूनचा मान होता. त्यामुळे राजाराम अगदीच चूक होता असं म्हणवत नाही.

शाळा उघडली त्याच आठवड्यात आबा गड्याला चुकवून माझ्याकडे आले. पायरीवर बसले. धोतराचं टोक चाळवत म्हणाले,

"मास्तर, तुम्ही पोऱ्यासले उभं ऱ्हावाले शिकाडतस. माले बी शिकाडा."

"आबा, तुम्हाला उभं राहायला कोण शिकवणार?"

"हसू नका. मना हातमा कासरा पाहिजे. तो गया, तं मी बी गोठामा बांधेल बैलच."

 हो म्हणून बसलो. आणि हो म्हटल्यावर मला हाँगकाँगचा धोबी आठवला.

पलटणीबरोबर मी दोन वर्षं हाँगकाँगला होतो. आमच्या बराकीमागे एक चिनी धोबी राहायचा. वय सत्तरच्या पुढे. तो रोज सकाळी अंगणात अतिशय सावकाश हातपाय हलवायचा. जणू गळ्यापर्यंत पाण्यात उभा आहे. त्याला ते लोक 'ताय ची' म्हणायचे. मी एकदा त्याला हसलो. त्यानं खुणेनं सांगितलं, ये, मला ढकल. मी पंचवीस वर्षांचा लान्स नायक, छाती पुढे काढून गेलो आणि ढकललं. म्हातारा जागचा हललाच नाही असं वाटलं, फक्त जरासा वळला. मी थेट त्याच्या कपड्यांच्या हौदात. माझ्याच पलटणीच्या मळक्या चड्ड्यांत. त्या दिवसापासून मी त्याचा चेला झालो.

त्याची सगळी विद्या दोन गोष्टींत होती. चालताना अंगाचा भार आधी एका पायावर पुरता द्यायचा, म्हणजे तो पाय 'भरलेला' आणि दुसरा 'रिकामा'. पाऊल टाकायचं ते नेहमी रिकाम्या पायानं. आणि कुणी ओढलं तर आपण ताणायचं नाही, थोडं द्यायचं, वळायचं. बाकी सगळे नुसते हातवारे.

हे मला सगळं माहीत होतं, चिनी विद्या शिकवतो असं आबांना सांगूनही ठेवलं होतं. तरी पहिल्या दिवशी मी काय करावं?

आबा एकटे आलेच नाहीत. सहा सोबती घेऊन आले. कारणही सांगितलं, "एकलाले लोके हसतस. सात जण ऱ्हायनात, तं फौज म्हनतस." त्यांत रहीमचाचा होते, गावातले जुने पिंजारी. म्हणजे कापूस पिंजून गाद्या भरणारे. बाकीचे पाच आबांच्याच वयाचे आणि आबांइतकेच हट्टी.

सात माणसं रांगेत दिसली आणि माझ्यातला ड्रिल मास्तर उसळला. रांग दिसली की माझं डोकं बंद पडतं. मी कडाडलो, "स्क्वाड! अबाऊट टर्न!"

अबाऊट टर्न म्हणजे जागच्या जागी गर्रकन मागे फिरणं. सात म्हाताऱ्यांनी ती ऑर्डर मनापासून पाळली. चौघं डावीकडून फिरले, तिघं उजवीकडून. आबा चाचांवर आदळले, चाचा पुढच्यावर, आणि बघता बघता सगळी फौज जमिनीवर. चाचा सगळ्यात खाली होते. तिथून त्यांचा आवाज आला, "मास्तर, ये चिनी कसरत है तो हमारी देसी क्या बुरी थी?"

कुणाला लागलं नाही, पण राजाराम नेमका कुंपणापाशी उभा होता. त्यानं डोक्याला हात लावला.

"मास्तर, मना बापले मारी टाकाना इचार शे का तुमना?"

 चूक माझी होती.

"आयका, आबा," तो सगळ्यांदेखत बापाला म्हणाला. "पोळापर्यंत आखो एक डाव पडनात, तं कासरा मना. बठ्ठासनी दखत सांगस."

"अन् नही पडनू तं?"

"तं तुमना."

म्हणजे आता आबांना दोन-अडीच महिने पडायचं नव्हतं, आणि त्यांना पाडणारा या गावात सध्या एकच माणूस होता. मी.

त्या दिवशी मी फार विचार केला. धोब्यानं मला दोन वर्षांत एकदाही ऑर्डर दिली नव्हती. तो करायचा, मी बघून करायचो. माझी खोड मात्र जिभेवर बसलेली. तोंड उघडलं की पलटण बाहेर पडणार. शेवटी पानवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, तुझ्याकडची सगळ्यांत मोठी सुपारी दे, फोडू नकोस. दुसऱ्या दिवशीपासून शिकवायच्या वेळी ती तोंडात. ओरडायला गेलो की दातावर आपटे आणि मला माझी लायकी कळे.

सुरुवात शाळेच्या भिंतीला धरून केली. एका हाताचा आधार, पाय अनवाणी, गुडघे किंचित सैल. भार या पायावर, मग त्या पायावर. खुणांनीच सांगायचं. भरलेला, रिकामा, भरलेला, रिकामा. बाकीचे गोंधळले, पण आबांचा चेहरा उजळला.

"हाई तं मोट शे रे! भरेल मोट वर येस, रिकामी खाले जास."

विहिरीवरच्या मोटेत ज्यांचा जन्म गेला त्यांना यापुढे मी काही समजवायची गरज उरली नाही. धोब्यानं मला ढगांत हात फिरवायला शिकवलं होतं. ते मी करून दाखवलं, तर चाचा म्हणाले, "बादल-वादल कुछ नहीं. ये पिंजा हुआ कापूस है." आणि त्यांनी हात असे फिरवले की मला समोर कापसाचा ढीग दिसायला लागला. ताय चीत मागे सरकत माकड हुसकावण्याचा एक प्रकार आहे, तो तर त्यांना शिकवावाच लागला नाही. शेंगांच्या दिवसांत शेतावर तेच चालतं.

पण खानदेशी माणूस कुठलीही गोष्ट शर्यत लावल्याशिवाय करत नाही. आठ दिवसांत त्यांनी सावकाशीची शर्यत सुरू केली. जो सगळ्यांत शेवटी संपवेल तो पहिला. एक हात वर न्यायला चाचा इतका वेळ घेत की मधल्या वेळात माझी सुपारी अर्धी भिजायची. एकदा तर दोघं जण इतके सावकाश झाले की एकाला उभ्या उभ्या डुलकी लागली, आणि बाकीच्यांनी त्याला पहिला नंबर देऊन टाकला. जागा झाल्यावर तो विचारतो, "कसामा पहिला?"

भिंतीपलीकडे आबांची बहीण सोनाअक्का धान्य पाखडायला बसे. बायामाणसांनी मैदानात येऊन हातपाय हलवायचे म्हणजे गावभर बोभाटा, त्या काळी ते शक्यच नव्हतं. अक्का एक दिवस उठून उभ्या राहिल्या आणि भिंतीवरून फक्त त्यांचं डोकं दिसायला लागलं.

"इतलासाठी मास्तर लागस का रे तुमले?" त्या म्हणाल्या.

आणि ते डोकं भिंतीच्या कडेवरून सरकू लागलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वर नाही, खाली नाही, कुठे धक्का नाही. डोक्यावर घागर असती तर थेंब सांडला नसता. अर्थात, जन्मभर डोक्यावर दोन घागरी घेऊनच त्या चालत आल्या होत्या. दोन वर्षं हाँगकाँगला घासून मला जे आलं नव्हतं ते या बाईला नदीनं शिकवलं होतं. मी सुपारी काढून हात जोडले. त्या दिवसापासून चालण्याचा नमुना म्हणून मी म्हाताऱ्यांना भिंतीवरचं अक्कांचं डोकंच दाखवत असे.

याच सुमाराला हेडमास्तर आले, घड्याळ काढलं आणि तो मेमो लागला. मी भेटायला गेलो.

"साहेब, म्हातारी माणसं आहेत. पडू नयेत म्हणून..."

"मास्तर, अहो तिसरीचा अख्खा वर्ग खिडकीत लटकलेला असतो. गणित कोण करणार?"

 आम्ही मैदान सोडून आबांच्या खळ्यात गेलो. खळं म्हणजे पीक मळायची सारवलेली जागा. पावसानं ती अशी निसरडी झाली होती की पहिल्या दिवशी मीच दोनदा घसरलो. आबांनी माझा दंड धरला. "सावकाश, मास्तर. पाय आधी रिकामा करा." माझी विद्या मलाच! पण निसरड्यावर उभं राहायची सवय सगळ्यांना लागली ती त्या खळ्यामुळे. त्याबद्दल हेडमास्तरांचे आभार मानायला हवे होते, राहून गेले.

आबा त्या दिवसांत एकदाही पडले नाहीत. दंड धरणारा गडी कंटाळून राजारामला म्हणाला, मला दुसरं काम दे, हे म्हातारबुवा मलाच ओढत नेतात.

पोळा उजाडला. पहाटे सर येऊन गेली होती, वेशीपुढे चांगलाच चिखल. आबांची जोडी सजवलेली, सरदार आणि हिऱ्या. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. आबांनी पांढरं धोतर नेसलेलं, लाल पागोटं बांधलेलं. पाय अनवाणी. कासरा उजव्या हातात. मागे बाकीच्या घरांच्या जोड्या, बाजूनं आमची फौज. राजाराम गर्दीच्या पुढच्या ओळीत, झेप घ्यायच्या तयारीत. त्याच्या कपाळावर घाम होता. मी सुपारी आणली नव्हती. म्हटलं, सणाचा दिवस, आज कशाला?

डफ वाजू लागले आणि आबा निघाले. भरलेला, रिकामा, भरलेला, रिकामा. इतके सावकाश की मागचे लोक ओरडायला लागले, "आबा, चाला ना! पुरनपोळ्या थंड्या व्हई ऱ्हायन्यात!" आबांनी ढुंकून पाहिलं नाही. माझ्या छातीत मात्र डफ वाजत होता. आता पंधरा पावलं, आता दहा.

कुणा शहाण्यानं तेवढ्यात फटाका लावला.

सरदार बुजला. मान झटकून बाजूला उसळला, कासरा ताडकन ताणला गेला आणि चिखलात आबांचा डावा पाय सरकला.  राजाराम "आबा!" म्हणून धावला. आणि मी? इतक्या आठवड्यांचं तोंडात साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"हॉऽऽऽल्ट!"

डफ थांबले. गर्दी थांबली. मागच्या जोड्या थांबल्या. आमचे सहाही म्हातारे जिथल्या तिथे थिजले, त्यांतले चौघे एका पायावर. राजारामही थांबायला गेला, पण तो पूर्ण वेगात होता आणि खाली चिखल होता. त्याचे दोन्ही पाय एकदम रिकामे झाले. तो पाठीवर आपटला, घसरत पुढे आला आणि जाता जाता त्यानं कासऱ्याचं लोंबतं टोक पकडलं.

आणि आबा? आबा उभेच होते. सरकलेला पाय त्यांनी सोडून दिला होता, भार दुसऱ्यावर घेतला होता, गुडघ्यात थोडे बसले होते. बैलानं ओढलं तर ताणलं नाही. दोन पावलं दिली आणि त्याच्याबरोबर वळले. सरदारला ओढायला काही उरलंच नाही. तो वळून आबांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. धोब्याच्या हौदातून बाहेर येताना माझं तोंड बहुधा तसंच झालं असावं.

आबांनी त्याच्या कपाळावर हात फिरवला आणि जोडी पुन्हा तोरणाकडे केली. तेवढ्यात शेजारच्या घरचा म्हातारा पुढे आला. मान जाणार होता तो त्याच्याच घरी.

"थांबा! कासरा धरनारा पडना! राजारामना हातमा कासरा शे!"

खरंच होतं. चिखलात आडव्या पडलेल्या राजारामच्या मुठीत कासऱ्याचं टोक घट्ट होतं. लोक कुजबुजू लागले. राजारामनं ते टोक असं टाकलं की जणू साप. त्याचे डोळे भरून आले होते. बापाला वाचवायला आला आणि बापाचा मान घालवून बसला, असं त्याला वाटलं. मला तर तिथेच जमिनीत जावंसं वाटलं, कारण त्याला पाडणारा पुन्हा मीच होतो.

बायांच्या घोळक्यातून सोनाअक्का पुढे आल्या. डोकं तसंच, सरळ रेषेत.

"बैल कोनी थांबाडा?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या.

"बैल ज्यानी थांबाडा, कासरा त्याना. शेपूट धरीसन कोनी बैलना धनी व्हस का?"

आधी चाचा हसले, मग डफवाले, मग सगळी वस्ती. शेजारचा म्हाताराही हसला, कारण त्याला दुसरं काही करता येईना. आबा तोरणाखालून चालत गेले, आपल्याच गतीनं. तोरण तुटलं आणि पोळा फुटला.

बैलांची धावपळ ओसरल्यावर मी पाहिलं, लोकांनी कडेला ओढून घेतलेल्या राजारामला उठता येत नव्हतं. घोटा मुरगळला होता. आबांनी कासरा चाचांच्या हातात दिला, चिखलातून परत आले आणि राजारामचा दंड धरला.

"सोडा आबा, गडीले बलावस."

"गडी कशाले? मी शे ना." आबांनी त्याला उभं केलं. "घाई करू नको. पह्यले एक पाय रिकामा कर."

बाप मुलाला धरून घरी निघाला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीही बहुधा असाच निघाला असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी अजून एका पायावरच उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांवर उगाच ओरडलो, "ॲट ईज!" तेव्हा कुठे त्यांनी वरचे पाय खाली ठेवले.

आबांनी पुढे बरीच वर्षं कासरा धरला. राजारामचा घोटा बरा झाल्यावर तो खळ्यात येऊ लागला. वयानं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जास्त डगमगणारा. मेमो बोर्डावर पिवळा पडेपर्यंत राहिला. एकदा शाळा सुटल्यावर मी ऑफिसच्या खिडकीवरून जात होतो. आत हेडमास्तर टेबलाला धरून एका पायावर उभे होते. मी पाय न वाजवता पुढे गेलो. परवानगी द्यायची ती त्यांनीच होती.

मी जन्मभर हजारो मुलांना क्विक मार्च शिकवला, पण त्याचा उपयोग झाला असं सांगायला आजवर एकही जण आलेला नाही. सात म्हाताऱ्यांना मी तोंड बंद ठेवून सावकाश चालायला शिकवलं, आणि त्यांच्यातला एकही त्यानंतर पडला नाही. पडला तो एकच, आणि तो मी तोंड उघडल्यावर. म्हणून सांगतो, म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं असेल तर त्याचा दंड धरण्याआधी आपल्या तोंडात सुपारी धरावी.